तिच्या घोटभर पाण्यावर इतका पहारा का?

४ मार्च २०२५. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य सामना चालू होता. सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या महंमद शमीने बाटली तोंडाला लावली आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. रमजानचे दिवस होते. दोनच दिवसांत ऑल इंडिया मुस्लिम जमात या संघटनेचे अध्यक्ष मौलाना शहाबुद्दीन रझवी बरेलवी यांनी, रोजा न धरणारा शमी शरियतच्या नजरेत गुन्हेगार आहे, असं जाहीर करून टाकलं. मग जे व्हायचं तेच झालं. काही उलेमांनी ‘प्रवासात असलेल्याला रोजाची सूट आहे’ म्हणून शमीची बाजू घेतली, जावेद अख्तर यांनी त्याला ‘लक्ष देऊ नकोस’ असं जाहीरपणे सांगितलं, आणि वाहिन्यांवर चार दिवस दाढीवाले आणि बिनदाढीवाले पुरुष एकमेकांवर ओरडत राहिले.

त्याच महिन्यात होळी आली. शमीच्या शाळकरी मुलीने रंग खेळल्याचे फोटो दिसले आणि त्याच मौलानांनी पुन्हा शरियत काढली. बापाच्या पाण्यापासून निघालेली देखरेख दहाबारा दिवसांत मुलीच्या रंगापर्यंत पोचली. हा प्रवास आपल्याला नवा नाही. धर्माच्या नावाने पुरुषाला हटकणारा माणूस थोड्या वेळाने त्याच्या घरातल्या बाईकडे वळतोच.

दुसरी बाजूही लक्षात ठेवू. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला, तेव्हा अकरा जणांपैकी एकट्या शमीला त्याच्या धर्मावरून घाणेरड्या शिव्या घातल्या गेल्या. आता त्याच्या हातातली बाटली पाहून अनेकांना अचानक त्याचं प्रेम आलं. याने रोजा धरला नाही, म्हणजे हा ‘आपला’. रोजा धरून खेळला असता तर? आणि त्या दिवशी त्याला एकही बळी मिळाला नसता तर?

पण शमीची काळजी करायला पुष्कळ लोक आहेत. त्याच्याकडे मंडळ आहे, डॉक्टर आहे, पैसा आहे, नाव आहे. मला बोलायचं आहे ते कोणत्याच कॅमेऱ्यात न येणाऱ्या मुलींबद्दल. गेली नऊ वर्षं मी मुंबईच्या उपनगरातल्या एका मिश्र वस्तीत किशोरवयीन मुलींच्या गटांबरोबर काम करते. आमच्या गटातल्या मुली कबड्डी आणि फुटबॉल खेळतात, काही जणी जिल्ह्यापर्यंत गेल्या आहेत. निम्म्याहून अधिक मुसलमान आहेत. रमजान लागला की मैदानावर एक महिना असा येतो की त्यात ‘मुलीच्या शरीराचा मालक कोण’ हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न रोज दुपारी साडेचार वाजता नव्याने उभा राहतो.

आधी नियम काय आहे ते समजून घेऊ. आपल्यातल्या कितीतरी कार्यकर्त्यांना हरतालिकेच्या उपासाची खडान्‌खडा माहिती असते, रोजाची मात्र ‘थुंकीसुद्धा गिळत नाहीत म्हणे’ एवढीच, आणि तीही चुकीची. पहाट फुटण्यापूर्वी सहरी खायची, सूर्य मावळला की इफ्तार करायचा, मधल्या वेळात अन्न नाही, पाणी नाही. मार्चमधल्या मुंबईत हे साधारण साडेतेरा तास होतात. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहाअकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये तो मे-जूनच्या काहिलीत होता, २०२५ मध्ये दहावीच्या परीक्षेत आला, आणि २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा सुरू होणार आहे.

मात्र ही सक्ती सरसकट नाही. आजारी माणूस आणि प्रवासी यांना कुराणातच सूट आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. ज्याला ते कधीच शक्य नाही त्याने गरिबाला जेवू घालायचं, तो फिदया. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सवलत आहे. पाळीच्या दिवसांत तर बाईने रोजा धरायचाच नाही, धरला तरी तो लागू होत नाही. तेवढे दिवस पुढे भरायचे. म्हणजे शरीर नावाची गोष्ट असते, ती कधी थकते, कधी रक्त सांडते, कधी वाटेत असते, हे या नियमात मुळातच मान्य आहे. तेव्हा ‘धर्मात सवलतच नाही’ असं म्हणणारा मौलाना आणि ‘यांचा धर्मच असा’ म्हणणारा आपला शेजारी, दोघेही सारख्याच अज्ञानातून बोलत असतात.

सवलत आहे. ती मिळते कुणाला, हा खरा प्रश्न आहे.

२०१२ चं लंडन ऑलिंपिक ऐन रमजानात आलं. तिथल्या उन्हाळ्यात रोजा सतरा-अठरा तासांचा. मो फराहने रोजे पुढे ढकलले आणि पाच हजार आणि दहा हजार मीटर अशा दोन्ही शर्यतींत सोनं जिंकलं. ब्रिटनच्याच वल्हवणाऱ्या संघातल्या मो स्बिहीने चुकलेल्या प्रत्येक रोजामागे साठ जणांचं अन्न, असा हिशेब करून मोरोक्कोतल्या गरिबांसाठी १८०० जेवणांचे पैसे दिले. त्यांच्या श्रद्धेला धक्का लागला नाही आणि पदकालाही नाही. जर्मनीतली गोष्ट त्याहून बोलकी आहे. २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या एका फुटबॉल क्लबने न सांगता रोजे धरल्याबद्दल तीन खेळाडूंना ताकीद दिली. प्रकरण वाढलं, तिथल्या मुसलमानांच्या मध्यवर्ती संघटनेने अल-अजहरच्या विद्वानांचं मत घेतलं आणि २०१० मध्ये निर्णय दिला: व्यावसायिक फुटबॉलपटूची रोजीरोटी त्याच्या शारीरिक ताकदीवर चालते, म्हणून हंगामात रोजा पुढे ढकलायला त्याला मुभा आहे.

शहाणपणाचा निर्णय आहे. पण त्याचा आधार नीट पाहा. पुरुषाचा खेळ हे काम आहे, रोजी आहे, म्हणून सवलत. आता आमच्या वस्तीतल्या पंधरा वर्षांच्या कबड्डीपटूकडे या. ती खेळते ते काय आहे? घरात विचारा, गल्लीत विचारा, शाळेत विचारा, उत्तर एकच: शौक. तिच्या खेळावर घर चालत नाही. चालावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. उलट लग्नाच्या बोलण्यात तो लपवावाच लागतो. मग शौकासाठी कुणी फर्ज टाळतं का? ‘इबादत के महीने में खेलकूद कैसा?’ हा प्रश्न तिच्या भावाला कुणी विचारत नाही.

भावाचं सांगते. आपल्यातल्या ज्यांनी रमजानच्या रात्री मुसलमान वस्ती पाहिली आहे त्यांना हे ठाऊक असेल. तरावीहची नमाज आटोपली की गल्लीगल्लीत, मोकळ्या प्लॉटवर हॅलोजन लावून क्रिकेट सुरू होतं. रात्री अकरापासून सहरीपर्यंत. बक्षिसं असतात, स्थानिक पुढाऱ्यांचे फलक असतात, लाउडस्पीकरवर धावतं वर्णन असतं. खेळाचे डॉक्टर रोजा धरणाऱ्या खेळाडूला काय सुचवतात? दमाचा सराव दिवसा उन्हात करू नका, इफ्तारनंतर पोटात अन्नपाणी गेल्यावर करा. दुपारी झोप घ्या. सहरी चुकवू नका. म्हणजे या पोरांनी नकळत शास्त्रशुद्ध पद्धतच शोधून काढली आहे! त्यांच्यासाठी रमजान हा खेळाचा महिना आहे. त्यांच्या बहिणींसाठी तो खेळ बंद पडण्याचा महिना आहे, कारण रात्र मुलींची नाही. बायकांची रात्र कुणी हिरावली, यावर आपण गेली चाळीस वर्षं मोर्चे काढतो आहोत. रमजानच्या मैदानाकडे मात्र आपलं लक्ष गेलं नाही.

बरं, रात्र नाही तर नाही, संध्याकाळ तरी? शाळा सुटल्यावर साडेचार ते साडेसहा ही आमची सरावाची वेळ. इफ्तार पावणेसातच्या आसपास. आणि नेमक्या याच दोन तासांत घरात भजी, चणे, फळांची चाट, सरबत, रात्रीचं जेवण असा सगळा रगाडा असतो. तो आईचा आणि मोठ्या मुलीचा. सहरीलाही पावणेचारला उठायचं ते त्या दोघींनीच. पुरुष उठतात ते ताट वाढल्यावर. आमच्या हजेरीच्या वहीत रमजानातल्या गैरहजेरीपुढे ‘रोजा’ असं लिहिलेलं असतं. मी एका वर्षी मुलींना एकेकीला बसवून विचारलं. बहुतेकींचा सराव रोजाने चुकत नव्हता, भज्यांनी चुकत होता. भूक-तहान सोसून मैदानावर यायला त्या तयार होत्या, पण कांदा कोण चिरणार?

रोजाचा खेळावर काय परिणाम होतो यावर बरेच अभ्यास झाले आहेत, ट्युनिशिया-अल्जीरियासारख्या देशांत विशेष. झोप, आहार आणि सरावाची वेळ नीट सांभाळली तर खेळातली घट बहुधा थोडी असते. ती सांभाळली नाही, विशेषतः झोप मोडली, तर जास्त जाणवते. हे अभ्यास बहुतेक पुरुष खेळाडूंवर झालेले. त्यांच्यात ‘सहरी रांधायला कोण उठलं’ हा प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. माझ्या मुलींची झोप चार-साडेचार तासांवर येते, ती अल्लाहमुळे नव्हे, घरातल्या कामाच्या वाटणीमुळे. आणि हे काही मुसलमान घरांचं वैशिष्ट्य नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास करून घरादारासाठी वेगळा स्वयंपाक रांधणारी माझी आई मला आठवते.

आता पाळीबद्दल. हे लिहिताना ‘अशा गोष्टी कशाला’ म्हणणारे भेटतील, पण आपलं मासिक त्यासाठीच आहे.

पाळीत रोजा नाही, ही खरं तर केवढी सोय. महिन्यातले चारपाच दिवस पाणी पिऊन खेळता येईल. पण घरात अब्बा आहेत, भाऊ आहेत. त्यांच्यासमोर खाल्लं तर कळणार. म्हणून कित्येक मुली पाळीतही सहरीला उठतात, दिवसभर रोजा असल्याचं नाटक करतात आणि मोरीत जाऊन, दाराला कडी लावून दोन घोट पाणी पितात. नियमाने दिलेली सूट लाजेने काढून घेतली. मैदानावर आणखी पंचाईत. आमच्यातली एक बचावपटू मला म्हणाली होती, “दीदी, पानी पिया तो सबको मालूम पडता है.” बाटली तोंडाला लावली की पाळी आली हे पंच, प्रशिक्षक, कुंपणावर बसलेली पोरं सगळ्यांना समजतं. कुंपणावरून मग शेरे येतात. एका बाजूला शमीच्या घोटावर देशभराचे कॅमेरे, दुसऱ्या बाजूला हिच्या घोटावर गल्लीचे डोळे. शमीवर आरोप झाला तो धर्म मोडल्याचा. हिने तर काहीच मोडलेलं नाही, तरी मान खाली घालावी लागते.

आणि वय पाहा. मुलगी वयात आली की रोजा तिच्यावर फर्ज होतो, आणि मुलगी वयात येते ती पहिल्या पाळीने. म्हणजे अकराव्या-बाराव्या वर्षीच. मुलगा बहुधा त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. नेमक्या याच वयात मुली मैदान सोडतात, सगळ्याच जातिधर्मांच्या. ओढणी, क्लासेस, धाकटं भावंड, ‘आता मोठी झालीस’. रमजानात महिनाभर सुटलेलं मैदान काही जणींचं ईदनंतरही सुटलेलंच राहतं. मी नाव घेऊन सांगू शकेन अशा पाचसहा मुली आमच्याच गटातून गेल्या. घरच्यांनी बंदी घातली नाही. फक्त पुन्हा पाठवलं नाही.

आता धर्माबाहेरच्या पहारेकऱ्यांकडे वळते, नाहीतर सगळा दोष मौलानांवर टाकून आपण मोकळ्या होऊ. एका वर्षी जिल्ह्याची निवड चाचणी रमजानात, दुपारी तीन वाजता ठेवली होती. आमच्या चार मुली रोजाने होत्या. मी संयोजकांना विनंती केली, या चौघींना सकाळच्या तुकडीत घ्या. उत्तर आलं, “आम्ही थोडंच सांगितलंय उपास करा म्हणून?” वर हसणं. याच मंडळींनी गौरी-गणपतीच्या आठवड्यात चाचणी ठेवल्याचं मला आठवत नाही. ठेवूही नये. पण मग सोय ही एकाच्या बाबतीत रीतभात आणि दुसरीच्या बाबतीत लाड कशी होते?

तोच संयोजक मुलींना ‘वजन उतरव, दोन दिवस जेवू नको’ असं अगदी सहज सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आदली रात्रभर ती व्यायाम करत होती, घाम गाळत होती, अन्नपाणी तोडलं होतं, केससुद्धा कापले. देश हळहळला. हळहळणाऱ्यांपैकी कुणी म्हटलं का, की ही काय अंधश्रद्धा? खेळाच्या नियमासाठी बाईने पाणी तोडलं तर ती तपस्या आणि श्रद्धेसाठी तोडलं तर मागासलेपण, असा हा न्याय आहे. मला दोन्हीकडे शरीर एकच दिसतं.

युरोपात हाच न्याय सरकारी भाषेत बोलतो. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय युवा संघांच्या शिबिरात रोजे धरू देणार नाही अशी भूमिका घेतली. एकोणीस वर्षांखालच्या संघातला एक खेळाडू त्यावरून शिबिर सोडून गेला. त्याच देशात हिजाब घालून फुटबॉल सामना खेळायला मुलींना मनाई आहे आणि २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती कायम केली. खाडीपलीकडे इंग्लंडमध्ये २०२१ पासून मोठ्या साखळी सामन्यांत सूर्यास्ताला मिनिटभर खेळ थांबवून खेळाडूंना खजूर-पाणी घेऊ देतात. कुणाचं काही बिघडलं नाही. मौलाना म्हणतात धरलाच पाहिजे, फ्रेंच महासंघ म्हणतो धरताच येणार नाही. खेळाडूला विचारायचं राहूनच जातं.

विचारलं तर काय होतं? सिफान हसनचं उदाहरण मला फार आवडतं. इथिओपियात जन्मलेली, नेदरलँड्सकडून धावणारी ही बाई २०२३ च्या एप्रिलमध्ये आयुष्यातली पहिली मॅरेथॉन लंडनला धावली. रमजान दोनच दिवसांपूर्वी संपला होता, सराव रोजांच्या दिवसांतच झालेला. वाटेत कंबर दुखली म्हणून दोनदा थांबून तिने स्नायू ताणले, मागे पडली, आणि तरी जिंकली. रोजे धरले म्हणून जिंकली असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी पॅरिसला तिने मॅरेथॉनचं सुवर्ण घेतलं तेव्हा रमजान नव्हता. सांगायचं ते एवढंच, की तो तिचा निर्णय होता आणि तो पेलायला तिच्यामागे प्रशिक्षक होते, आहार होता, झोप होती. आमच्या मुलीमागे काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ५४ टक्के आहे. हा आकडा सगळ्या धर्मांच्या बायकांचा आहे. रमजानाने तो निर्माण केलेला नाही. बाकीच्या अकरा महिन्यांनी केला आहे, शेवटी जेवण्याच्या आपल्या सर्वधर्मीय परंपरेने. खेळाइतकं अन्न पोटात गेलं नाही तर मुलीची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये नाव देऊन सांगितलं. आमच्याकडे पाळी थांबली की ‘बरं झालं, स्पर्धा जवळ आहे’ म्हणणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत.

मैत्रिणींनो, आता आपल्याबद्दल. बैठकांमध्ये हा विषय काढला की दोन प्रकारचा प्रतिसाद येतो. एक: “सोडायला सांग ना तिला रोजा. आपण स्त्रीमुक्तीवाल्या, उपासतापास कसले शिकवतोस?” दुसरा: “नको बाई, त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे, उगाच जमातवाद्यांच्या हातात कोलीत.” पहिलीला माझं म्हणणं असं, की त्या मुलीला तू विचारलंस का? माझ्या गटातल्या मुलींना रोजा आवडतो. लहानपणी पहिला रोजा धरला तेव्हा गळ्यात हार घातले होते, नवे कपडे मिळाले होते, नातेवाईक कौतुकाला आले होते. घरात मुलीच्या चिकाटीचं एवढं जाहीर कौतुक पुन्हा कधी होत नाही. एक जण म्हणाली, “बाकी सब घर के लिए करती हूँ, ये मेरा है.” हे तिचं आहे ते काढून घ्यायला आपण कोण? आणि ज्या दिवशी तिला वाटेल की आज सामना आहे, आज नको, त्या दिवशी ते म्हणायची ताकद तिच्यात यावी म्हणून तर आपण गट चालवतो.

दुसरीला सांगते: शहाबानोच्या वेळी, १९८५-८६ मध्ये, एका बाजूला मुल्ला आणि दुसऱ्या बाजूला हिंदुत्ववादी अशा कात्रीत आपण सापडलो होतो. त्यातून शिकायचं ते गप्प बसायला नव्हे. मुसलमान बायकांनी स्वतः काय मागितलं ते ऐकून त्यांच्या बाजूने उभं राहायला. मुंब्र्यात २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘परचम’च्या मुलींनी फुटबॉल खेळायला मैदान मागितलं, सह्या गोळा केल्या, पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले. त्यात हिंदू मुलीही होत्या, मुसलमानही. त्यांनी आधी धर्मावर चर्चासत्र घेतलं नाही. जागा मागितली.

आम्हीही यंदा तेच करायचं ठरवलं आहे. रमजानात सराव सकाळी शाळेआधी अर्धा तास, फक्त चेंडू आणि कौशल्याचा. धावण्या-दमाचा सराव इफ्तारनंतर आठ ते साडेनऊ. मैदानाच्या कडेला एक बंद खोली, तिथे पाण्याचा माठ. कुणी आत गेली तर का गेली हे कुणी विचारायचं नाही. हिंदू मुलीही पाणी तिथेच जाऊन पिणार, म्हणजे बाटलीवरून कुणाचीच पाळी ओळखता येणार नाही. ही युक्ती मुलींचीच आहे, माझी नाही. निवड चाचण्यांसाठी सकाळची तुकडी मागणारं पत्र जिल्हा संघटनेला दिलं आहे. पुणे-नाशिकला सामना असेल तेव्हा ‘प्रवासात सूट आहे’ हे पालकांना सांगायला वस्तीतल्याच एका आलिमा बाई तयार झाल्या आहेत. मी सांगून ते पटणार नाही, त्यांनी सांगितलेलं पटेल, आणि ते योग्यच आहे. मोहल्ल्यातल्या पुरुषांची वेगळी बैठक घेतली, विषय एकच: साडेचार ते साडेसहा भजी कोण तळणार. सतरा आले होते. चौघांनी ‘बाजारातून आणू’ असं कबूल केलं. तळायला कुणीच तयार झालं नाही.

रात्रीचं मैदान मात्र अडलं आहे. अर्ज दिला, दोन हेलपाटे झाले. दिवे लावून द्यायला हरकत नाही, मुलांना देतोच, पण मुलींची जबाबदारी रात्री कोण घेणार, असं विचारलं गेलं. ते लेखी द्या, असं मी म्हटलं. लेखी अजून आलेलं नाही. दरम्यान सहा मुलींच्या आयांनी सांगितलं आहे, तरावीह आम्ही घरीच पढतो, ती थोडी उशिरा पढू. आठ वाजता मैदानाच्या पायऱ्यांवर येऊन बसू. त्यातल्या एकीने विचारलं, बसायचंच आहे तर आम्हीपण दोन फेऱ्या मारल्या तर चालेल का?